चैत्रातला कोन

जोयड्याच्या आठवडी बाजारात महेशच्या किराणा दुकानाच्या पायरीला लागून तीन-साडेतीन हात जागा होती, आणि गेले दोन हिवाळे ती मोकळीच होती. बाजाराच्या दिवशी बाकीचा रस्ता असा भरायचा की मिरच्यांच्या ढिगावरून पाय उचलून टाकावा लागे. पण त्या साडेतीन हातांत एक धुतलेलं गोणपाट अंथरलेलं असे आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर चार दगड. जागा तशी पंचायतीची, कुणाच्या नावावर नव्हती. मात्र पायरीवर महेशची आई सावित्री बसलेली असायची, आणि सावित्रीच्या तोंडाला लागण्यापेक्षा उन्हात बसलेलं बरं, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं.

नागू बादलीवाला नवा होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं दोन दगड बाजूला सारून रंगीबेरंगी बादल्यांची चळत गोणपाटावर ठेवली.

"उचल," सावित्री म्हणाली.

"मावशी, सावली हाय हितं. दोन तास बसतो. ज्याची जागा हाय तो आला की उठतो की."

"तो न्हाई, ती. चंद्राक्काची जागा हाय."

"ती दोन वर्सं आल्याली न्हाई म्हणत्यात. सोडली असंल तिनं."

"तिनं सोडली असंल. मी सोडल्याली न्हाई. उचल."

नागूनं समोरच्या मिरचीवालीकडं पाहिलं. तिनं मान हलवून त्याला पोस्टाची भिंत दाखवली. तो बादल्या उचलून तिकडं गेला, आणि सावित्रीनं दगड पुन्हा जागच्या जागी ठेवले. बाजाराला वाटायचं, म्हातारी मैत्रिणीची वाट बघते आहे. ते खरंच होतं. पण ती येईल याची सावित्रीला भीतीही तितकीच वाटत होती, आणि हे फक्त तिच्या सुनेला, प्राजक्ताला माहीत होतं.

सावित्री मूळची खानापूरकडची. नवऱ्यानं, कृष्णानं, जोयड्यात दुकान टाकलं तेव्हा ती इथं आली. पहिले सहा महिने तिला इथलं काहीच आवडलं नाही. सगळीकडं नुसती झाडं, आणि बोलायला माणूस नाही. माणसं होती हो, पण सावित्रीला लागतात तितकी नव्हती. मग एका बाजारादिवशी डोक्यावर बुट्टी घेऊन एक कुणबी बाई आली, पायरीशेजारी बुट्टी टेकवली आणि काही न विचारता बसली. तिचं नाव चंद्रा. सावित्रीपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, अंगानं काटक, बोलणं मोजकं. अणशीच्या जंगलात, वड्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडं तिचं घर होतं. पहाटे वडा ओलांडून डांबरी रस्त्यावर यायचं आणि पहिली बस धरायची, असा तिचा क्रम. हिवाळ्यात ती कंद आणायची, उन्हाळ्यात आमसुलं, पावसाळ्यात बांबूचे कोंब नाहीतर अळंबी.

दुपारी ऊन डोक्यावर आलं की दोघी डबे सोडायच्या. सावित्रीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि मिरचीचा ठेचा चंद्राकडं जायचा, आणि चंद्राचे पानात बांधलेले उकडलेले कंद सावित्रीकडं यायचे. पहिल्याच वर्षी चंद्रानं तांबड्या मुंग्यांची चटणी आणली होती. सावित्रीनं ती बोटभर चाखली, आंबट-तिखट म्हणून वाखाणली, आणखी मागून घेतली, आणि मग कसली म्हणून विचारलं. उत्तर ऐकल्यावर तिनं चूळ भरली ती पाच वेळा. पुढच्या बाजाराला मात्र चंद्रा बसायच्या आधीच ती म्हणाली, "आणलीस काय गं ती चटणी?"

अशी तीस वर्षं गेली. सावित्री बोलायची, चंद्रा ऐकायची. महेशचं शिक्षण, जावेची खोड, गुळाचा भाव, नात स्नेहाचे दात, सगळं चंद्राच्या कानावर घालून झालं. कृष्णा वारला त्यानंतरच्या पहिल्या बाजाराला चंद्रानं बुट्टीवरचं फडकं काढलंच नाही. दिवसभर सावित्रीला लागून बसली आणि संध्याकाळी भरलेली बुट्टी तशीच डोक्यावर घेऊन परत गेली. सावित्रीला ते आठवलं की अजून भरून यायचं. आणि एवढं सगळं असून तिनं चंद्राला तिच्या वाडीचं नाव कधी विचारलं नव्हतं. वड्याच्या पलीकडं, एवढ्यावर भागलं होतं. बोलणाऱ्या माणसाचं हे असंच होतं. विचारायला सवड कुठं मिळते?

चंद्राच्या कंदांत सावित्रीचा जीव कशात असेल तर कोनात. कोन, म्हणजे तेच ते कोनफळ, बाजारात पुष्कळ यायचं. पांढरं यायचं, गडद जांभळं यायचं, पायाएवढं लांब यायचं. चंद्राच्या घरचा कोन दिसायला या सगळ्यांपुढं गरीब होता. आखूड, बुटका, सालीवर केस. पण कापला की आतून फिकट जांभळा निघायचा आणि मध्ये दुधासारखा पांढरा, आणि उकडला की घरभर वास सुटायचा. तो चंद्राच्या सासूनं माहेराहून आणला होता. चंद्रा बाजारात आणायची तो नेहमी वरचा भाग कापलेला. वेल ज्या टोकाला धरतो तो चार बोटांचा तुकडा ती घरीच ठेवायची, कारण पुढच्या वर्षीचं बी तेच. तीस वर्षांत सावित्रीनं तिचा अख्खा कोन कधी पाहिलाच नव्हता.

आणि घोळ झाला तो इथंच.

दोन वर्षांमागच्या चैत्रातली गोष्ट. पाडवा होऊन गेला होता. चंद्रा आली ती बुट्टीशिवाय. हातात पळसाच्या पानांची एक पुडी होती, वर वेलाचा दोर. ती बसली, पुडी सावित्रीच्या ओटीत घातली आणि तिच्यावर हात ठेवून थोडा वेळ तशीच राहिली. तोंडातून शब्द नाही. सावित्री तेव्हा स्नेहाच्या परीक्षेचं सांगत होती. गणिताच्या पेपराला पोरगी रडत कशी आली, तिथवर ती पोचली होती, आणि ते अर्धवट कसं सोडणार? चंद्रानं सगळं ऐकून घेतलं. अर्धी भाकरी खाल्ली. नेहमीच्या बसच्या कितीतरी आधी उठली आणि म्हणाली, "येते गे." पोस्टाच्या कोपऱ्यावर ती वळून उभी राहिली होती, असं सावित्रीला नंतर वाटायचं. खरंच राहिली होती की आपलं मन रंगवून सांगतंय, हे तिला कधी ठरवता आलं नाही.

घरी पुडी सोडली तर आत अख्खा कोन. वरचं टोक जागेवर, त्यावर राख चोळलेली. "राख कशाला गं फासली असंल?" असं स्वतःशीच म्हणत सावित्रीनं तो नळाखाली स्वच्छ धुतला. चैत्रात कोन खायला कुणी आणत नाही, तोपर्यंत घरात उरतं ते फक्त बी, हे जंगलातल्या लहान पोरालाही कळलं असतं. सावित्री दुकानदाराची बायको. तिच्या ओटीत तीस वर्षं जे जे पानात बांधून पडलं ते ते खायचंच होतं. तिनं निम्मा उकडला आणि निम्म्याचे काप करून तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर परतले. वरचं टोक जरा निबर लागलं, तर तेवढं आणखी शिजवून घेतलं. साली म्हशीच्या पाटीत टाकल्या. महेशनं दोनदा मागून घेतला. स्नेहानं ताट पुसून खाल्लं. असा कोन कधी झाला नव्हता, असं सगळे म्हणाले, आणि सावित्रीनं मनात ठरवलं की पुढच्या बाजाराला चंद्राक्काला सांगायचं.

पुढच्या बाजाराला चंद्रा आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पावसाळा आला, बांबूचे कोंब दुसऱ्याच बायकांनी आणले, आणि सावित्री रागावली. तीस वर्षं मी सगळं सांगायचं, आणि हिनं एवढंही सांगू नये? सोडून गेली तर गेली. असं म्हणत ती दर बाजाराला गोणपाट झटकून अंथरत होती.

मार्गशीर्षात नागराज आला. चंद्राच्या शेजारच्या वाडीतला माणूस, मध आणि कंद विकायचा. त्यानं सावित्रीला पाहिलं आणि आपुलकीनं विचारलं, "मावशी, चंद्रामावशीचा वेल कसा हाय?"

"कसला वेल?"

"कोनाचा. तुमच्याकडं बी ठेवलंय न्हवं तिनं."

सावित्रीनं त्याला पायरीवर बसवलं आणि चहा मागवला. मग हळूहळू सगळं कळलं. चंद्राची वाडी सात घरांची. पावसाळ्यात सुनेला बाळंतपणाला खाटेवर घालून वडा ओलांडावा लागला तेव्हापासून पोरानं धोशा लावला होता. शेवटी सातही घरांनी जंगलातून बाहेर पडायचं ठरवलं. हल्याळकडं जमीन मिळणार होती, पण तिला वेळ होता. तोवर दांडेलीत भाड्याची खोली. खोलीला ना परसू ना माती. आणि कोनाचं बी दरवर्षी मातीत गेलंच पाहिजे, डब्यात घालून ठेवायची ती वस्तू नव्हे.

"मग तुम्हा कुणाकडं ठेवायचं की," सावित्री म्हणाली. तिचा आवाज तिलाच लहान वाटला.

"आमची तरी घरं किती दिवस राहत्यात, मावशी? आज ना उद्या आम्ही बी निघणार. तुमचं परसू कुठं जात न्हाई म्हणाली. अख्ख्या मुलखात तिला तुमचंच घर आठवलं."

"मला तर बोलली न्हाई रे काही."

"तिच्या घरात बी देताना बोलत न्हाईत. बोललं की रुजत न्हाई म्हणत्यात. वटीत घालायचं आन् यायचं. एक कोन तेवढा राहिला होता. बाकीचे त्या वर्षी डुकरांनी उकरले." नागराजनं चहा संपवला. "तर वेल कसा हाय?"

खरं सांगायला तोंड उघडावं आणि भलतंच बाहेर पडावं, असं सावित्रीच्या आयुष्यात प्रथमच झालं. "बरा हाय," ती म्हणाली. "चांगला चढलाय."

"सांगतो तिला. लई बरं वाटंल."

नागराजनं चंद्राच्या पोराचा फोन नंबर दिला. सावित्रीनं तो दुकानातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवला आणि कधी लावला नाही. काय बोलणार? ज्या बाईनं तिला घरदार सोडताना आपली एक वस्तू जपायला दिली, ती वस्तू हिनं पिठात घोळवून खाल्ली होती, आणि वर झकास झाली म्हणाली होती. स्वयंपाकघरात तवा दिसला तरी तिला कसंतरी व्हायचं. चंद्राची आठवण यायची ती त्या हाताची. पुडीवर ठेवलेला तो हात किती वेळ तिथं होता, आणि आपण गणिताच्या पेपरात होतो.

पौषात जोयड्यात कंदांचा मेळा भरला. सावित्री दोन पिशव्या घेऊन सकाळी सकाळीच हजर. एकेका टेबलापुढं उभी राहून ती कंद हातात घ्यायची, साल नखानं खरवडायची, वास घ्यायची. "आतून फिकट जांभळा, मध्ये पांढरा, असा हाय काय?" बायका दाखवायच्या, आणि तो नसायचा. तिसऱ्या प्रहरी गणेशगुडीकडच्या एका बाईकडं तसा दिसणारा एक कोन मिळाला. वरच्या टोकासकट. सावित्रीनं तो पदराखाली झाकून घरी आणला, चैत्र संपता संपता फणसाच्या बुंध्याशी लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न सांगता काहीतरी केलं.

प्राजक्तानं ते पाहिलंच. "आई, हा तोच कसा असंल?"

"तुला कुणी विचारलंय?"

"त्यांना कळंल."

"कोन तो कोन. सगळे मेले एकाच रंगाचे," सावित्री म्हणाली, आणि पाण्याची कळशी घेऊन परसात गेली. वेल मात्र झोकात चढला. श्रावणात फणसाच्या पहिल्या फांदीला लागला. त्याच्याकडं बघत सावित्री वाक्यं घोकायची. हा बघ तुझा वेल. हा बघ, कसा वाढवलाय. कधी कधी तिचा स्वतःचाच विश्वास बसायला लागायचा, आणि मग कोनाच्या त्या वासाची आठवण यायची की सगळं फिसकटायचं.

तर नागूच्या बादल्या हलवल्या त्याच दिवशी, अकराच्या सुमाराला, दांडेलीच्या बसमधून चंद्रा उतरली.

सावित्रीनं तिला लांबूनच ओळखलं, पण चाल बदललेली होती. पायांत शहरातल्या चपला होत्या, त्या जपून टाकत ती येत होती. डोक्यावर बुट्टी नव्हती. गोणपाटापाशी आली, दगडांकडं पाहिलं, सावित्रीकडं पाहिलं. मग चपला काढून ती आपल्या जागेवर बसली. विकायला काही नव्हतं तरी रस्त्याकडं तोंड करून, नेहमीसारखी.

"आलीस?" सावित्री म्हणाली.

"आले गे."

यापुढं सावित्रीला काही सुचेना. मिरचीवाली मान वळवून बघायला लागली, कारण सावित्री गप्प आहे हे बाजारात नवलच होतं. दुपारी दोघींनी डबे सोडले. चंद्रानं स्टीलचा डबा काढला आणि तो उघडताना ती लाजली. "बटाट्याची भाजी हाय. तिकडं दुसरं काय मिळतंय?"

सावित्रीनं बटाटा तोंडात घातला. तो गिळायला तिला पाणी लागलं.

"आज बोलत न्हाईस काय?" चंद्रा म्हणाली.

"तू बोल की. मी लई बोलले."

मग चंद्रा बोलली. तीस वर्षांत बोलली नव्हती इतकं. खोली बरी आहे, नळाला पाणी येतं, नातू शाळेत जातो, सून हसतखेळत असते. कुणाला नावं ठेवायला जागा नाही. आणि आता हल्याळकडची जमीनही हातात आली. जमीन सपाट आहे, पाऊस कमी आहे, झाडं दोनच. एका झाडाखाली तिनं खड्डासुद्धा घेऊन ठेवला आहे.

"तुला सांगते, सावित्री. सकाळी जाग आली की मला पयला कोन आठवतो. मेलेली माणसं न्हाई आठवत, घर न्हाई आठवत. कुणाला सांगायला लाज वाटते." तिनं भाकरीचा तुकडा हातातच ठेवला होता. "नागराज सांगून गेला, वेल चांगला चढलाय म्हणून. त्यावर वर्स काढलं बघ मी."

सावित्री उठली. "चल," म्हणाली. प्राजक्ताला पायरीवर बसवून ती चंद्राला दुकानाच्या मागं परसात घेऊन गेली.

वेल आता वाळायला लागला होता. पानं पिवळी पडून लोंबत होती, म्हणजे खाली कंद भरला होता. चंद्रा फणसाशी गेली, एक पान तोडून तळहातावर घेतलं, अंगठ्यानं त्याच्या शिरा चाचपल्या. सावित्रीनं घोकलेलं सगळं वाक्य जिभेवर तयार होतं. चंद्राची पाठ तिच्याकडं होती. त्या पाठीकडं बघून तिला ते बोलवेना.

"हा तुझा न्हाई," ती म्हणाली. "तुझा मी खाल्ला."

चंद्रा वळली नाही.

"मला कळलं न्हाई गं. खायला दिलास असं वाटलं. धुतला, उकडला, काप केले. सगळ्यांनी खाल्ला. हा मी मेळ्यातनं आणून लावलाय, तुला फसवायला."

"सगळा?"

"सगळा. टोकासकट. साली म्हशीला घातल्या." आता एकदा सांगायचंच तर काही ठेवायचं नाही, असं सावित्रीनं ठरवलं होतं. "नागराजला मी खोटं सांगितलं. शिव्या दे मला. एवढी गप नको बसू."

चंद्रा धुण्याच्या दगडावर बसली. पान अजून तिच्या हातात होतं. बाजाराचा आवाज भिंतीपलीकडून येत होता, कुणीतरी लसणीचा भाव ओरडत होता. सावित्री उभीच राहिली. तिला रडू येत होतं, पण आपण रडलो तर हिलाच आपली समजूत काढावी लागेल, म्हणून तिनं ते दाबलं.

"पान बघितलं तवाच कळलं होतं मला," चंद्रा म्हणाली. "बोलायला पायजे होतं मी. सासूची रीत सासूसंगं. तुला कशी कळणार ती?" तिनं डोळे पुसले, पदर खोचला आणि उठली. "पहार आण. हाय तो हाय. खड्डा मोकळा ठेवून काय करू?"

दोघींनी मिळून खणलं. म्हणजे चंद्रानं खणलं आणि सावित्रीनं माती ओढली. कोन चांगला हातभर निघाला. चंद्रानं वरचा चार बोटांचा तुकडा कापला, चुलीतली राख मागून घेऊन कापल्या जागी चोळली आणि तो फणसाच्या पानांवर ठेवून बाजूला झाली. सावित्रीला काय करायचं ते कळलं. तिनं पुडी बांधली, चंद्रासमोर गेली आणि तिच्या ओटीत घातली. वर आपला हात ठेवला. क्षमा कर, पुन्हा ये, रुजला की कळव, अशा शंभर गोष्टी तिच्या तोंडात आल्या. तिनं ओठ घट्ट मिटून ठेवले.

बसथांब्यावर दोघी कट्ट्यावर बसल्या. दांडेलीची गाडी यायला वेळ होता. चंद्राच्या मांडीवर पुडी होती आणि ती समोरच्या रस्त्याकडं बघत होती.

"कसा लागला?" तिनं विचारलं.

"काय?"

"कोन. माझा. मी दोन वर्सं खाल्ल्याला न्हाई. आता खाणार बी न्हाई. तू शेवटी खाल्लास. कसा लागला?"

सावित्रीनं तिच्याकडं पाहिलं. चंद्राच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोचून बोलण्यातलं काही नव्हतं. भूक होती.

"गोड लागला," सावित्री म्हणाली. "आधी वास सुटला. झाकण काढायच्या आधीच. महेश दुकानातनं उठून आला, काय शिजतंय म्हणून."

"कापलास तवा आतून कसा होता?"

"फिकट जांभळा. मध्ये पांढरा, रुपयाएवढा. हाताला चीक लागला."

"चीक लागायलाच पायजे. मीठ कवा घातलंस?"

"उकडताना. पाण्यात."

"बरं केलंस." चंद्रानं डोळे मिटले. "सासू पाण्यातच घालायची. मग?"

"मग साल सोलली, तर हातातच सुटून आली. बोटानं दाबला तर मऊ, पण चिकट न्हाई. जिभेवर ठेवला की आधी मीठ लागायचं, मागनं गोड यायचं. आन् सगळ्यात शेवटी, गिळून झाल्यावर, ते…" सावित्रीला शब्द सापडेना. बाजारात जिच्या तोंडाला कुणी लागत नसे, ती बाई शब्दासाठी अडली.

"तुपासारखं," चंद्रा म्हणाली.

"व्हय. तसं."

चंद्राच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. तिनं ते पुसलं नाही. पुडीवरचा हातही हलवला नाही. तेवढ्यात वळणावर दांडेलीची बस दिसली, धूळ उडवत येऊन थांब्यापाशी थांबली. कंडक्टरनं दार उघडून दोघींकडं पाहिलं. सावित्रीनं चंद्राची पिशवी उचलली.

चंद्रानं ती तिच्या हातातून काढून घेतली आणि पुन्हा कट्ट्यावर ठेवली. "जाऊ दे ही," ती म्हणाली. "साडेचारला दुसरी हाय. पयल्यापासनं सांग. पुडी सोडलीस तिथनं."

बस गेली. सावित्री तिला लागून बसली आणि पुडी सोडली तिथून सांगायला लागली.